संसदेतला पाद्री आणि त्याचा पगार

गेल्या महिन्यात मामांनी एक जुनी क्लिप पाठवली. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचं, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सदनाचं, कामकाज सुरू होतंय. हातोडा आपटला जातो, गळ्याशी पांढरी पट्टी असलेले एक वयस्क गृहस्थ माइकसमोर येतात, मिनिटभर प्रार्थना म्हणतात, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि मग रोजची भांडणं सुरू होतात. मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. त्यामुळे त्यांचा प्रश्न थेट होता: “यांच्याकडे म्हणे धर्म आणि सरकार वेगवेगळं असतं. मग हा फादर तिथे काय करतोय? आणि याचा पगार कुठल्या हेडखाली निघतो?”

क्लिपमधले गृहस्थ होते फादर पॅट्रिक कॉनरॉय. २०११ ते २०२१ अशी दहा वर्षं ते प्रतिनिधिगृहाचे चॅप्लेन होते. मामांना फोनवर उत्तर द्यायला बसलो आणि अर्ध्या तासात लक्षात आलं की प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही.

चॅप्लेन म्हणजे नेमका कोण?

पाद्री म्हटलं की आपल्यासमोर वसईतलं किंवा गोव्यातलं चर्च येतं. ते असतं पॅरिश, म्हणजे एका वस्तीचं चर्च आणि त्याचा धर्मगुरू. चॅप्लेन वस्तीचा नसतो, संस्थेचा असतो. सैन्याचा, तुरुंगाचा, इस्पितळाचा, विद्यापीठाचा. तिथे जी माणसं असतील ती त्याची, मग ती कोणत्याही पंथाची असोत.

हे आपल्याला अगदी अपरिचित नाही. भारतीय लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरच्या हुद्द्यावर असतात आणि त्यांचा पगार सरकारच देतं. अमेरिकेने हीच सोय संसदेतही केली आहे, एवढाच फरक. प्रतिनिधिगृहाचा एक चॅप्लेन आणि सिनेटचा दुसरा. प्रतिनिधिगृहात दर दोन वर्षांनी नवी मुदत सुरू झाली की सभासद त्याला निवडतात; प्रत्यक्षात नाव सभापतीच सुचवतात. तो सदनाचा अधिकारी असतो, सचिव किंवा सुरक्षाप्रमुखासारखा, शपथ वगैरे घेऊन आलेला.

मिनिटभराच्या प्रार्थनेसाठी पूर्ण वेळाचा माणूस?

मामांची पुढची शंका हीच होती. “दिवसाला एक मिनिट काम? आम्ही काय पाप केलं होतं?”

प्रार्थना हा कामाचा दिसणारा तुकडा. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद, त्यांच्या कार्यालयांत हजारो कर्मचारी, शिवाय कॅपिटॉलचे, म्हणजे संसद भवनाचे, पोलीस, स्वयंपाकघरातले, सफाईचे लोक. कोणाचा मुलगा गेला, कोणाचा घटस्फोट चाललाय, कोणाला कर्करोग झालाय. खासदार असल्यामुळे या गोष्टी सहकाऱ्यासमोर बोलता येत नाहीत, कारण आज सहकारी असलेला माणूस उद्या प्रतिस्पर्धी असतो. पत्रकारासमोर तर नाहीच. अशा वेळी दार लावून ज्याच्यासमोर बसता येतं तो चॅप्लेन. जुन्या गावात एक घरचे डॉक्टर असायचे. भाऊबंदकीत कोर्टात गेलेली दोन्ही घरं त्यांच्याकडेच औषधाला जायची आणि डॉक्टर या घरातलं त्या घरात बोलायचे नाहीत. ते काम हे.

याशिवाय लग्नं, अंत्यविधी, शोकसभा. आणि पाहुण्या धर्मगुरूंची व्यवस्था: सभासद आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या पास्टरला, रब्बीला किंवा इमामाला एका दिवसाच्या प्रार्थनेसाठी सुचवू शकतात.

पगार? कॉनरॉय रुजू झाले तेव्हा वर्षाला सुमारे १ लाख ७२ हजार डॉलर होता. आकडा ऐकून मामांनी शीळ घातली. पण कॉनरॉय जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातले आहेत, आणि त्या संघात दारिद्र्याचं व्रत असतं. कमाई व्यक्तीची नसते, संघाची असते. पगाराचा धनादेश नावावर निघतो, हातात राहत नाही.

मग धर्म आणि सरकार वेगळं, ते कुठे गेलं?

अमेरिकी संविधानाची पहिली दुरुस्ती म्हणते की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, धर्माची प्रस्थापना करणारा कायदा करणार नाही. म्हणजे सरकारचा असा धर्म नको. आणि त्याच काँग्रेसच्या व्यासपीठावर पगारी पाद्री.

याची मुळं संविधानाच्याही आधीची. ब्रिटिश संसदेत बैठकीआधी प्रार्थना होते, आजही होते, आणि सभासद त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. ती सवय अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींनी उचलली. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात या वसाहतींची पहिली काँग्रेस भरली तेव्हा जेकब डुशे या अँग्लिकन धर्मगुरूने प्रार्थना म्हटली. (हेच डुशे पुढे इंग्रजांच्या बाजूला गेले आणि जॉर्ज वॉशिंग्टनना स्वातंत्र्याचा नाद सोडा असं पत्र लिहून मोकळे झाले. देशभक्तीची प्रार्थना म्हणणाऱ्याचं पुढे काय होईल हे सांगता येत नाही.) १७८९ मध्ये नव्या संविधानाखाली काँग्रेस भरली आणि दोन्ही सदनांनी लगेच आपापले चॅप्लेन नेमले.

खटला व्हायला मात्र जवळजवळ दोनशे वर्षं गेली. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात रॉबर्ट पामर नावाचे प्रेस्बिटेरियन (हा एक प्रोटेस्टंट पंथ) धर्मगुरू सोळा वर्षं चॅप्लेन होते, महिन्याला ३१९ डॉलर ७५ सेंट पगारावर. त्याच विधिमंडळाचे सभासद अर्नी चेंबर्स कोर्टात गेले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: चालेल.

कारण काय दिलं? इतिहास. १७८९ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पगारी चॅप्लेन ठेवायचा कायदा केला आणि त्यानंतर तीनच दिवसांनी हक्कांच्या सनदेची, म्हणजे ही पहिली दुरुस्ती जिच्यात आहे तिची, भाषा पक्की केली. त्याच माणसांनी, त्याच आठवड्यात. मग आपणच केलेली गोष्ट आपल्याच संविधानात बसत नाही, असं त्यांना वाटत असेल का?

आपल्या हाउसिंग सोसायटीतला हा ओळखीचा युक्तिवाद आहे. वार्षिक सभेआधी आरती का म्हणतात? “पहिल्या वर्षापासून म्हणतात. नियम लिहिणारे देशपांडेकाकाच म्हणायचे.” हे उत्तर कायद्यात टिकतं. तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या माणसाला ती आरती आपली वाटत नाही, त्याच्या प्रश्नाला मात्र ते हात लावत नाही. तीन न्यायमूर्तींचा विरोध साधारण याच कारणासाठी होता, आणि मला तो पटतो.

मॅडिसन यांचा टोमणा

आता या गोष्टीतला कॅथलिक भाग.

जेम्स मॅडिसन हे संविधानाचे प्रमुख शिल्पकार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. १७८९ मध्ये चॅप्लेनची व्यवस्था सुचवणाऱ्या समितीत ते स्वतः होते. म्हातारपणी मात्र त्यांनी लिहून ठेवलं की हे चुकलंच. काँग्रेसचा चॅप्लेन हा समान हक्कांचा उघड भंग आहे. कारण बहुमत आपल्याच पंथाचा माणूस निवडणार. एखाद्या कॅथलिक धर्मगुरूला हे पद मिळण्याची आशा तरी करता येईल का, असा त्यांचा सवाल होता.

त्या काळी हा सवाल सवाल नव्हताच. अमेरिका प्रोटेस्टंट देश होता आणि कॅथलिक माणूस म्हणजे रोमच्या पोपचा हस्तक, अशी समजूत घट्ट होती. तरी १८३२ च्या डिसेंबरात सिनेटने फादर चार्ल्स कॉन्स्टंटाइन पाईज यांना निवडलं. सिनेटर हेन्री क्ले यांचा पाठिंबा होता. मॅडिसन तेव्हा हयात होते. पण पाईज यांच्यानंतर सिनेटमध्ये आजतागायत दुसरा कॅथलिक चॅप्लेन झालेला नाही.

प्रतिनिधिगृहाला तर २००० साल उजाडावं लागलं. आधीचे लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच, चॅप्लेन निवृत्त होणार होते. दोन्ही पक्षांच्या शोधसमितीत सर्वाधिक पसंती एका कॅथलिक धर्मगुरूला, फादर टिमथी ओब्रायन यांना मिळाली. नेतृत्वाने निवडले मात्र प्रेस्बिटेरियन चार्ल्स राइट. तेव्हा साधारण चारातला एक अमेरिकन कॅथलिक होता. ‘आमचा माणूस वर असूनही डावलला’ म्हणून गदारोळ झाला, महिनोन्महिने चालला. शेवटी राइट यांनी माघार घेतली आणि सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी मार्चमध्ये शिकागोचे फादर डॅनियल कॉफलिन यांना नेमलं. २११ वर्षांनी पहिला कॅथलिक, आणि तोही रागावलेल्यांची समजूत काढण्यासाठी आणलेला. कॉफलिन अकरा वर्षं राहिले आणि कोणाची तक्रार उरली नाही.

हे ‘करिअर’ होतं कसं?

करिअर हा शब्द इथे जरा अडतो. कॅथलिक धर्मगुरू दोन प्रकारचे. एक धर्मप्रांताचे: ते आपल्या बिशपच्या हाताखाली एका भागात काम करतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तसे होते, कॉफलिनही तसेच. दुसरे संघांचे: जेझुइट, फ्रान्सिस्कन वगैरे. जेझुइट आपल्याला नवे नाहीत. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज त्यांचं, आणि चारशे वर्षांपूर्वी गोव्यात ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्सही त्यांचेच. जेझुइटाला बिशप नेमत नाही; संघाचा वरिष्ठ जिथे पाठवील तिथे जायचं. झेडपीच्या शिक्षकाची बदली असते तशी, फक्त इथे बदली रद्द करून घ्यायला आमदाराची चिठ्ठी चालत नाही.

कॉनरॉय यांचा प्रवास बघा. जन्म १९५०, वॉशिंग्टन राज्यातला. कॉलेजात राज्यशास्त्र, मग एक वर्ष कायद्याचं, आणि १९७३ मध्ये जेझुइट संघात प्रवेश. दीक्षा मिळायला दहा वर्षं लागली. वकिलीचं शिक्षणही मधल्या काळात पूर्ण केलं, मूळनिवासी जमातींसाठी आणि एल साल्वादोरच्या निर्वासितांसाठी कायद्याचं काम केलं. मग मूळनिवासींच्या राखीव प्रदेशातल्या गावांत धर्मगुरू, पुढे जॉर्जटाउन आणि सिएटल विद्यापीठांत चॅप्लेन, आणि त्यानंतर ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या एका जेझुइट हायस्कुलात शिक्षक. तिथे ते मुलींच्या सॉफ्टबॉल संघाला शिकवायचेही.

तिथून उचलून थेट कॅपिटॉल. सभापती जॉन बेनर स्वतः जेझुइट विद्यापीठात शिकलेले. त्यांनी नाव पुढे केलं. त्याच सुमारास ओरेगॉनच्या जेझुइट प्रांताने लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांत १६ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली होती. कॉनरॉय यांच्यावर कोणताच आरोप नव्हता, तरी विरोधी नेत्या नॅन्सी पेलोसी थबकल्या. त्यांनी कॉनरॉय यांची भेट घेतली आणि मग होकार दिला. मे २०११ मध्ये शपथविधी झाला. या पदावरचे ते साठावे, आणि जेझुइट म्हणून पहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस, तेही जेझुइट, काँग्रेससमोर बोलायला आले तेव्हा सदनाचा चॅप्लेनही त्यांच्याच संघाचा होता. हे ऐकायला मॅडिसन हवे होते.

प्रार्थना कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होतं?

माझ्या मते सगळ्या गोष्टीची गाठ इथे आहे.

नोव्हेंबर २०१७. श्रीमंतांना आणि कंपन्यांना भरघोस सवलत देणारा करकायदा येऊ घातला होता. कॉनरॉय प्रार्थनेत म्हणाले की या देशाच्या संस्थांमुळे काहींना मोठं यश मिळालं, तर काही अजून झगडतायत. सभासदांच्या प्रयत्नांतून नव्या करकायद्यात जिंकणारे आणि हरणारे असे दोन गट होऊ नयेत, लाभ सगळ्या अमेरिकनांमध्ये समतोलाने वाटले जावेत.

बस, एवढंच. कोणत्याही गावच्या कीर्तनात यापेक्षा कडक बोललं जातं. पण कॉनरॉय यांनी नंतर सांगितलं त्यानुसार सभापती पॉल रायन त्यांना भेटल्यावर म्हणाले, “पाद्री, तुम्ही राजकारणापासून लांब राहा.” रायन स्वतः कॅथलिक.

एप्रिल २०१८ मध्ये कॉनरॉय यांचा राजीनामा आला. तो स्वखुशीचा नव्हता, सभापतींच्या कार्यालयाने मागितला होता, हे थोड्याच दिवसांत बाहेर पडलं. रायन यांचं म्हणणं: सभासदांच्या आध्यात्मिक गरजा नीट भागत नव्हत्या, तशा तक्रारी होत्या. कॉनरॉय यांचं म्हणणं: रायन यांच्या प्रमुख सहायकाने ‘आता कॅथलिक नसलेला चॅप्लेन आणायची वेळ झाली असावी’ असं सुनावलं. सहायकाने ते साफ नाकारलं. त्यात नॉर्थ कॅरोलायनाचे खासदार मार्क वॉकर, स्वतः बॅप्टिस्ट पास्टर, बोलून गेले की चॅप्लेन बायकामुलांचा असला तर बरं. कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचारी असतात; म्हणजे दार कोणासाठी बंद होतंय हे सांगायला नको. वॉकर यांना नव्या चॅप्लेनच्या शोधसमितीतून बाजूला व्हावं लागलं.

इथे कॉनरॉय यांच्यातला वकील जागा झाला. ३ मे रोजी त्यांनी पत्र लिहून राजीनामा मागे घेतला. आशय असा: तुम्हाला अधिकार असेल तर मला काढा, पण माझ्या राजीनाम्याची मदत मिळणार नाही. चॅप्लेन सदनाने निवडलेला. एकट्या सभापतींना त्याला काढता येतं का, हा प्रश्न उभा राहिला. रायन यांनी त्याच दिवशी माघार घेतली.

रायन यांच्या बाजूनेही एक गोष्ट म्हणता येते. चॅप्लेन सगळ्यांचा असेल तर चर्चेत असलेल्या विधेयकावर त्याने सूचक का होईना बोलावं का? गणपतीच्या आरतीत भटजींनी मेंटेनन्सवाढीचा विषय घुसवला तर निम्मी सोसायटी भडकेल. पण मग भटजींनी दर आरतीत फक्त ‘सगळ्यांचं भलं होवो’ म्हणायचं का? येशूच्या शिकवणीत गरीब आणि श्रीमंत हा विषय पानोपानी आहे. तो वगळून कॅथलिक धर्मगुरूने प्रार्थना करायची, तर त्याला धर्मगुरू म्हणून कशाला बोलावलं? आणि ‘सैनिकांचं रक्षण कर’ ही प्रार्थना कोणालाच राजकीय वाटत नाही, ‘कर सारखा वाटला जावो’ ही वाटते. प्रार्थना राजकीय झाली की नाही, हे शेवटी ज्याला ती बोचली तोच ठरवतो.

पाद्र्यांना राजकारण वर्ज्य असतं ना?

असतं. चर्चच्याच कायद्याप्रमाणे धर्मगुरूला शासकीय सत्ता वापरणारं पद घेता येत नाही. मॅसॅच्युसेट्सचे फादर रॉबर्ट ड्रायनन, हेही जेझुइट, १९७१ पासून दहा वर्षं याच प्रतिनिधिगृहात खासदार होते, निवडून आलेले. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांचा हुकूम आला आणि त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. म्हणजे जेझुइटाला त्या सभागृहात मत देता येत नाही, भाषण करता येत नाही. प्रार्थना मात्र म्हणता येते. चॅप्लेनला मत नाही म्हणूनच हे पद चर्चला चालतं.

आणि ज्याचा देवच नाही त्याचं काय?

डॅन बार्कर पूर्वी ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, पुढे नास्तिक झाले. दीक्षेचा दाखला अजून जवळ होता. एका खासदाराने त्यांना पाहुणे चॅप्लेन म्हणून सुचवलं. कॉनरॉय यांनी नकार दिला: दीक्षा ज्या धर्माची, तो आज पाळता का? बार्कर कोर्टात गेले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सदनाला प्रार्थना धार्मिकच हवी असेल तर तसा आग्रह ते धरू शकतं, असा त्याचा अर्थ. करकायद्यावरून ज्यांची सहानुभूती कॉनरॉय यांना मिळाली, त्यातल्या बऱ्याच जणांना हा नकार खटकला. मलाही खटकला.

हिंदूंचा अनुभवही मिश्र. १४ सप्टेंबर २००० रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत बोलणार होते. त्या दिवशी प्रतिनिधिगृहाची प्रार्थना ओहायोतल्या एका मंदिराचे पुजारी वेंकटाचलपती समुद्रला यांनी म्हटली. पहिलीच हिंदू प्रार्थना. काही ख्रिस्ती संघटना नाराज झाल्या. २००७ मध्ये सिनेटमध्ये राजन झेद गायत्री मंत्र म्हणायला उभे राहिले, तेव्हा प्रेक्षक सज्जातून तिघांनी आरडाओरडा केला आणि पोलिसांनी त्यांना अटक केली.

आपल्याकडे असं पद का नाही?

संविधानसभेत ऑक्टोबर १९४९ मध्ये ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी अशी सूचना मांडली. मतदान झालं: बाजूने ४१, विरुद्ध ६८. ईश्वर अगदीच हद्दपार झाला असंही नाही. आमदार शपथ घेताना ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ म्हणू शकतात किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ म्हणू शकतात. ज्याची निवड त्याने करायची. सगळ्यांच्या वतीने एकाने बोलायचं, ही अडचणच आपण ठेवली नाही.

मामा म्हणाले, “आपल्या विधानसभेत पाद्री, पंडित कोणी ठेवलाच तर आधी त्याच्यावरूनच सभात्याग होईल.”

प्रार्थनेने काही फरक पडतो का?

जुलै २०१९ मध्ये सभागृहात इतकी कटुता माजली की कॉनरॉय यांनी एका सकाळी नेहमीची सौम्य भाषा बाजूला ठेवली. देवाच्या नावाने मी या सभागृहातून अंधाराच्या सर्व शक्तींना हाकलून लावतो, असं ते म्हणाले. आपल्या भाषेत, भूत उतरवलं. त्यावर मात्र कोणी राजीनामा मागितला नाही. पाच महिन्यांनी त्याच सभागृहाने राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग मंजूर केला.

३ जानेवारी २०२१ रोजी कॉनरॉय निवृत्त झाले. त्यांच्या जागी मार्गरेट ग्रन किबेन आल्या: नौदलातून निवृत्त रिअर ॲडमिरल, प्रेस्बिटेरियन, आणि प्रतिनिधिगृहाच्या पहिल्या स्त्री चॅप्लेन. नोकरीच्या चौथ्या दिवशी, ६ जानेवारीला, जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. सभासद खुर्च्यांखालचे वायुरोधक मुखवटे काढत असताना किबेन यांनी सभागृहात प्रार्थना म्हटली. ती क्लिप मी मामांना पाठवली. त्यांचा उलट प्रश्न आला: “त्या दिवशीचा भत्ता वेगळा मिळाला का?”